फळमाशीतील दीर्घकालीन स्मृती आणि जनुकनियामक प्रथिने

फळमाशीची दीर्घकालीन स्मृती म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या माशीने अनुभवातून शिकलेली आणि एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ टिकणारी आठवण होय. काही मिनिटे वा काही तास टिकणारी आठवण चेतापेशींत आधीच असलेल्या प्रथिनांत तात्पुरते बदल होऊन तयार होते. दीर्घकालीन स्मृतीसाठी मात्र नवी प्रथिने घडावी लागतात आणि त्यासाठी पेशीच्या केंद्रकातील ठरावीक जनुके कार्यान्वित व्हावी लागतात. कोणते जनुक केव्हा व किती प्रमाणात कार्यान्वित व्हावे, हे ठरवणाऱ्या प्रथिनांना जनुकनियामक प्रथिने असे म्हणतात.

फळमाशीच्या स्मृतीशी संबंधित जनुकनियामक प्रथिनांपैकी क्रेब या प्रथिनाचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. १९९४ आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांमुळे हे प्रथिन प्रकाशात आले. क्रेबचे कार्य रोखले तर दीर्घकालीन स्मृती तयार होत नाही, हा पहिल्या प्रयोगाचा निष्कर्ष पुढील संशोधनात टिकून राहिला. क्रेबचे कार्य वाढवले तर माशी एकाच धड्यात दीर्घकाळासाठी शिकते, हा दुसऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष अधिक गाजला, परंतु त्याविषयी पुढे गंभीर शंका उपस्थित झाल्या आणि त्यांचे निरसन होण्यास अनेक वर्षे लागली.

पार्श्वभूमी

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी आणि मराठीत सर्रास चिलट म्हटली जाणारी ही माशी सुमारे तीन मिलिमीटर लांबीची असते. अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास २५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे दहा दिवस लागतात. त्यामुळे एका वर्षात तिच्या अनेक पिढ्यांचा अभ्यास करता येतो. प्रौढ मादीच्या मेंदूतील जोडण्यांचा संपूर्ण नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १,४०,००० चेतापेशी आढळल्या. मानवी मेंदूत त्यांची संख्या सुमारे ८,६०० कोटी आहे. आकारातील ही प्रचंड तफावत असूनही स्मृती घडवणाऱ्या रेणूंच्या पातळीवर दोन्ही मेंदूंत लक्षणीय साम्य आढळते. स्मृतीच्या संशोधनात या माशीला मिळालेले स्थान मुख्यतः या साम्यामुळे आहे.

वर्तनामागील जनुके एकेक करून शोधता येतील, ही कल्पना कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील सीमोर बेंझर यांनी १९६०च्या दशकात मांडली. त्या काळी ती अनेकांना धाडसी वाटली. माशी मुळात शिकू शकते की नाही, याविषयीच एकमत नव्हते. १९७४ मध्ये विल्यम क्विन, विल्यम हॅरिस आणि बेंझर यांनी विजेच्या सौम्य धक्क्याशी जोडलेला वास माशा टाळू लागतात, हे दाखवून तो प्रश्न निकालात काढला. दोन वर्षांनी याच प्रयोगशाळेतून शिकण्यात कमी पडणारी पहिली उत्परिवर्तित माशी जाहीर झाली. तिला डन्स, म्हणजे मठ्ठ, असे नाव देण्यात आले. त्यानंतर रुटाबागा आणि अम्नेसिअ‍ॅक ही उत्परिवर्तने सापडली. पहिले नाव एका कंदभाजीचे आहे, तर दुसऱ्याचा अर्थ विसराळू असा होतो.

या उत्परिवर्तनांच्या जैवरासायनिक अभ्यासातून चक्रीय एएमपी या लहान रेणूकडे लक्ष वेधले गेले. डन्स जनुकापासून तयार होणारा विकर हा रेणू मोडतो, तर रुटाबागा जनुकापासून तयार होणारा विकर तो घडवतो. म्हणजे एका माशीत या रेणूचे प्रमाण वाढलेले असते आणि दुसरीत त्याची निर्मिती उणी पडते, तरीही दोघी शिकण्यात मागे राहतात. यावरून शिकण्यासाठी चक्रीय एएमपीची केवळ विपुलता पुरेशी नसून त्याचे प्रमाण योग्य वेळी वाढणे व उतरणे आवश्यक असते, असा अर्थ काढण्यात आला. हा रेणू प्रथिन कायनेझ ए या विकराला जागे करतो आणि तो विकर पुढे इतर प्रथिनांना फॉस्फेट गट जोडतो. क्रेब हे अशा प्रथिनांपैकी एक आहे.

याच सुमारास बेंझर यांच्याबरोबर काम केलेले ओबेद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत माशीच्या वास व चव या संवेदनांचा जनुकीय अभ्यास सुरू केला. व्हेरोनिका रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांचा या विषयावरील निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम थेट स्मृतीवर नव्हते. तथापि माशीच्या स्मृतीचे बहुतेक प्रयोग वासापासूनच सुरू होत असल्याने वासाच्या ज्ञानाचा पाया त्यांना आवश्यक ठरला.

प्रशिक्षणाची पद्धत

टिम टली आणि क्विन यांनी १९८५ मध्ये तयार केलेली पद्धत थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते. सुमारे शंभर माशा एका नळीत ठेवल्या जातात. नळीच्या आतील बाजूस विजेची जाळी असते. एक मिनिट एक वास सोडला जातो आणि त्याबरोबर विजेचे धक्के दिले जातात. काही वेळाने दुसरा वास सोडला जातो, पण त्या वेळी धक्का दिला जात नाही. यासाठी बहुधा ऑक्टॅनॉल आणि मिथिलसायक्लोहेक्झॅनॉल ही रसायने वापरतात. चाचणीत माशांना इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या मार्गाच्या मध्यावर सोडतात आणि दोन्ही बाजूंनी दोन वास येऊ देतात. दोन मिनिटांनंतर कोणत्या बाजूला किती माशा गेल्या, ते मोजले जाते.

एखादा वास माशांना मुळातच नकोसा असू शकतो. म्हणून माशांच्या दुसऱ्या गटाला वासांची अदलाबदल करून शिकवले जाते आणि दोन्ही गटांची सरासरी घेतली जाते. माशा दोन्हीकडे समान विभागल्या गेल्या तर कामगिरी निर्देशांक शून्य येतो. सर्व माशांनी धक्क्याचा वास टाळला तर तो १०० येतो. हा निर्देशांक पूर्ण गटाचा असतो, एकेका माशीच्या स्मरणशक्तीचा नसतो. माशांच्या स्मृतीविषयीची विधाने वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

दुसरी प्रचलित पद्धत प्रणयाराधनावर आधारलेली आहे. समागम झालेली मादी नराला झिडकारते. असे काही तास झिडकारले गेलेल्या नराचे प्रणयाराधन नंतर बराच काळ थंडावते. ही पद्धत रिचर्ड सीगल आणि जेफ्री हॉल यांनी १९७९ मध्ये वर्णन केली. सुमारे पाच तासांच्या अनुभवाने नराची ही आठवण काही दिवस टिकते.

अंतराने दिलेले आणि सलग दिलेले धडे

स्मृतीचे टप्पे वेगळे करून दाखवणारा महत्त्वाचा निबंध टली आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. वास आणि धक्क्याचा एकच धडा दिला तर माशांची आठवण दिवसभरात जवळजवळ पुसली जाते. दहा धडे पाठोपाठ, विश्रांतीविना दिले तर आठवण अधिक टिकते, परंतु काही दिवसांत तीही नाहीशी होते. तेच दहा धडे प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने दिले तर आठवण किमान सात दिवस टिकते. धड्यांची संख्या आणि धक्क्यांची संख्या दोन्ही वेळा सारखीच असते. फरक केवळ मधल्या विश्रांतीचा असतो.

प्रथिननिर्मिती रोखणारे सायक्लोहेक्झिमाइड हे औषध माशांना खाऊ घातल्यावर हा फरक आणखी स्पष्ट झाला. सलग धड्यांनंतरच्या आठवणीवर या औषधाचा परिणाम झाला नाही. अंतराने दिलेल्या धड्यांनंतरच्या आठवणीचा मात्र मोठा भाग नाहीसा झाला. याउलट रॅडिश या उत्परिवर्तनात सलग धड्यांची आठवण बिघडते आणि नव्या प्रथिनांवर अवलंबून असलेली आठवण शाबूत राहते. अशा रीतीने दोन प्रकारच्या पक्क्या स्मृती वेगळ्या करता आल्या. थंडीने बधिर करूनही न पुसली जाणारी पहिली स्मृती भूलरोधक स्मृती या नावाने ओळखली जाते. दुसरी ती दीर्घकालीन स्मृती. या दोन्ही एकाच वेळी शेजारी-शेजारी नांदतात, की एक आली की दुसरी मागे सरते, यावर संशोधकांत मतभेद आहेत.

क्रेबची रचना आणि कार्य

क्रेब हे नाव चक्रीय एएमपी प्रतिसाद घटकाला बांधले जाणारे प्रथिन, या अर्थाच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप आहे. प्रतिसाद घटक म्हणजे काही जनुकांच्या आरंभापाशी असलेला डीएनएचा एक छोटा अनुक्रम. सस्तन प्राण्यांतील हे प्रथिन १९८०च्या दशकात मार्क माँटमिनी आणि सहकाऱ्यांच्या कामातून ओळखले गेले. क्रेबचे दोन रेणू जोडीने डीएनएला चिकटतात. त्यांना एकमेकांशी जोडणारा भाग ल्युसीन या अमिनो आम्लाच्या ठरावीक अंतरावरील पुनरावृत्तीने बनलेला असतो. त्यांची ही गुंफण झिपरसारखी असल्याने त्या भागाला ल्युसीन झिपर असे नाव पडले. क्रेबच्या एका विशिष्ट सेरीनवर फॉस्फेट गट जोडला गेला की सीबीपी नावाचे सहायक प्रथिन त्याच्याकडे येते, आणि जनुकाच्या प्रतिलेखनास, म्हणजे त्यावरून आरएनए तयार होण्यास, चालना मिळते.

स्मृतीशी क्रेबचा संबंध प्रथम फळमाशीत दिसला नाही. १९९० मध्ये प्रमोद दाश, बिन्यामिन हॉखनर आणि एरिक कँडेल यांनी अ‍ॅप्लिझिया या समुद्री गोगलगाईच्या चेतापेशींत प्रतिसाद घटकाचे डीएनए तुकडे टोचले. क्रेब या आगंतुक तुकड्यांना चिकटून राहिले आणि पेशीच्या स्वतःच्या जनुकांपर्यंत पोहोचू शकले नाही. त्यामुळे चेतासंधींचे दीर्घकालीन बळकटीकरण थांबले, अल्पकालीन बळकटीकरण मात्र झाले. हा प्रयोग पेट्रीपात्रातील पेशींवर झाला होता. जिवंत, चालत्या-फिरत्या प्राण्याच्या आठवणीलाही हाच नियम लागू पडतो का, हे पाहणे बाकी होते.

फळमाशीत या कामाशी संबंधित जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. जुन्या लेखनात त्याला डीक्रेब२ म्हणत, आता क्रेब-बी हे नाव रूढ आहे. एकाच जनुकाच्या आरएनएची निरनिराळ्या प्रकारे जुळणी होऊन त्यापासून प्रथिनाची अनेक रूपे तयार होतात. त्यांपैकी एक रूप जनुकांना चालना देते, त्याला उद्दीपक म्हणता येईल. दुसरे रूप डीएनएवरील तीच जागा व्यापून चालना रोखते, ते रोधक होय.

१९९४चा प्रयोग

जेरी यिन, टली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत अशा माशा तयार केल्या, की ज्यांच्यात रोधक रूपाचे जनुक उष्णतेने कार्यान्वित होणाऱ्या नियंत्रकाला जोडले होते. एरवी हे जनुक जवळजवळ सुप्त राही. माशांना थोडा वेळ ३७ अंश तापमानात ठेवले की सर्व शरीरात रोधकाचे प्रमाण वाढे. या रचनेचे महत्त्व प्रयोगाच्या निष्कर्षाइतकेच आहे. डन्ससारख्या उत्परिवर्तनात दोष जन्मापासून असतो, त्यामुळे बिघाड शिकण्यात आहे की मेंदूच्या वाढीत, हे सांगणे कठीण जाते. येथे माशी पूर्णपणे सामान्य वाढलेली असते आणि दोष केवळ धड्यापूर्वी काही तास निर्माण केला जातो.

अशा तापवलेल्या माशा वास आणि धक्क्याचा संबंध नेहमीप्रमाणे शिकल्या. सलग धड्यांनंतरची त्यांची आठवणही अबाधित राहिली. अंतराने दिलेल्या धड्यांनंतर तयार होणारी दीर्घकालीन स्मृती मात्र पूर्णपणे रोखली गेली. न तापवलेल्या माशांत असा परिणाम दिसला नाही. दीर्घकालीन स्मृतीसाठी नवी जनुकीय अभिव्यक्ती लागते आणि ती बहुधा क्रेब कुळातील प्रथिनांमार्फत होते, असा निष्कर्ष लेखकांनी काढला. त्याच वर्षी अल्सिनो सिल्वा यांच्या गटाने क्रेबची मुख्य रूपे नसलेल्या उंदरांतही दीर्घकालीन स्मृती कमकुवत असल्याचे दाखवले. गोगलगाय, माशी आणि उंदीर यांच्या पूर्वजांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. या तिन्हींत एकच प्रथिन एकाच कामी यावे, ही बाब त्या काळी विशेष लक्षवेधी ठरली.

१९९५चा प्रयोग आणि त्यावरील वाद

पुढच्या वर्षी याच गटाने रोधकाऐवजी उद्दीपक रूप वाढवल्याचे परिणाम प्रसिद्ध केले. सामान्य माशीला दहा धडे आणि मधली विश्रांती लागते. उद्दीपक वाढवलेल्या माशांत मात्र एकाच धड्यानंतर कमाल दीर्घकालीन स्मृती तयार झाल्याचे निबंधात नोंदवले होते. फॉस्फेट गट जोडला जाण्याची जागा बदललेले उद्दीपक वापरले असता हा परिणाम मिळाला नाही. पेशीतील उद्दीपक आणि रोधक यांच्यातील तफावतीवरून दीर्घकालीन स्मृती घडणार की नाही हे ठरते, असे प्रतिमान लेखकांनी मांडले. धड्याच्या वेळी दोन्ही रूपे कार्यरत होतात, परंतु रोधकाचा प्रभाव लवकर ओसरतो आणि विश्रांतीच्या काळात उद्दीपकाचे पारडे जड होते, असे त्यातील विश्रांतीचे स्पष्टीकरण होते.

या निबंधाची प्रयोगशाळांबाहेरही मोठी चर्चा झाली. माशांना छायाचित्रासारखी स्मरणशक्ती लाभल्याची वर्णने झाली. क्रेबच्या मार्गावर परिणाम करणारी स्मृतिवर्धक औषधे शोधण्याच्या हेतूने टली यांनी हेलिकॉन थेरप्युटिक्स या कंपनीच्या, तर कँडेल यांनी मेमरी फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. शास्त्रीय शोध आणि औषधनिर्मितीची अपेक्षा यांतील अंतर या प्रकरणात फार लवकर विसरले गेले, असे मागे वळून पाहता म्हणावे लागते.

२००४ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील रोनाल्ड डेव्हिस यांच्या गटाने फ्रान्समधील तोमा प्रेआ यांच्या सहकार्याने हे प्रयोग पुन्हा तपासले. बीट्रिझ पेराझोना या त्या निबंधाच्या प्रथम लेखिका होत्या. रोधकाचा परिणाम त्यांनाही दिसला. उद्दीपकाने स्मृती वाढते, हे मात्र त्यांना आढळले नाही. शिवाय १९९५ मध्ये वापरलेल्या उद्दीपकाच्या जनुकातच दोष असल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. जनुकातील माहिती तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जाते. त्या जनुकात वाचनाची ही चौकट सरकलेली होती. त्यामुळे प्रथिन थोडेसेच तयार होऊन वेळेआधीच संपण्याचा संकेत येत असे. डीएनएला चिकटणारा भाग प्रथिनाच्या शेवटाकडे असतो. तेव्हा असे अर्धवट प्रथिन जनुकांना चालना देऊ शकणार नव्हते. मग १९९५ मध्ये स्मृती कशाने वाढली होती, हा प्रश्न अनुत्तरित राहिला आणि संदर्भग्रंथांत स्थिरावलेल्या एका निष्कर्षाचा आधार डळमळीत झाला.

या आक्षेपाला यिन यांच्या गटाचे सविस्तर उत्तर २०१३ मध्ये आले. यिन तोपर्यंत विस्कॉन्सिन विद्यापीठात काम करत होते. वाचनाची चौकट सरकल्याचे त्यांनी मान्य केले. मात्र त्या दोषाच्या पुढे, योग्य चौकटीत, प्रथिनाची सुरुवात करणारा आणखी एक संकेत आहे आणि पेशी तेथून वाचन सुरू करून थोडे आखूड प्रथिन तयार करते, असे त्यांनी दाखवले. हे आखूड प्रथिन जनुकांना चालना देते आणि सामान्य माशीच्या स्वतःच्या जनुकापासूनही ते तयार होते. स्मृती वाढवणारा रेणू हाच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. परिणाम दिसणे वा न दिसणे हे या प्रथिनाच्या अल्पायुषी क्रियाशीलतेवर, तसेच दिवसाच्या कोणत्या वेळी माशांना तापवले व शिकवले यावरही अवलंबून असते, असेही त्यांना आढळले.

दोन्ही निबंध एकत्र वाचले असता पुरावा समतोल नाही, हे लक्षात येते. दीर्घकालीन स्मृतीला क्रेब लागते, याला अनेक प्रयोगशाळांचा आणि अनेक पद्धतींचा आधार आहे. क्रेब वाढवले की स्मृती वाढते, हे विशिष्ट परिस्थितीतच दिसते आणि त्या परिस्थितीच्या अटी कडक आहेत. एखाद्या यंत्राचा भाग काढल्यावर यंत्र थांबते, म्हणून तोच भाग दुप्पट बसवल्यास यंत्र दुप्पट चालेल असे नसते.

विश्रांतीत काय घडते

धड्यांमधील विश्रांतीचे कोडे पुढे दुसऱ्या बाजूने उलगडू लागले. मारियो पगानी, यी झाँग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे दाखवले की मॅप कायनेझ या विकराची सक्रियता धड्याच्या वेळी नव्हे, तर त्यानंतरच्या विश्रांतीत वाढत जाऊन मग ओसरते. सलग धड्यांत ही लाट उठण्याआधीच पुढचा धडा सुरू होतो. लाटेचा कालावधी माशीतील कॉर्कस्क्रू या जनुकाच्या प्रथिनावर अवलंबून असतो. माणसातील त्याच्या समकक्ष प्रथिनातील दोषांमुळे नूनन संलक्षण हा आनुवंशिक विकार होतो. त्यातील काही रुग्णांना शिकण्यात अडचणी येतात. असे दोष घातलेल्या माशांना नेहमीच्या पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने दीर्घकालीन स्मृती साधली नाही, परंतु विश्रांती वाढवताच ती साधली. शिकण्याची क्षमता नसणे आणि धड्यांचा वेग न मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे या प्रयोगात रेणूंच्या पातळीवर दिसले.

मिनोरू साइतोए यांच्या टोकियोतील गटाने २०१८ मध्ये या साखळीत सी-फॉस हे दुसरे जनुकनियामक प्रथिन जोडले. विश्रांतीत सक्रिय झालेल्या विकरामुळे, पेशीत आधीपासून असलेले क्रेब सी-फॉसची निर्मिती सुरू करते. नंतर सी-फॉस क्रेबची निर्मिती वाढवते. ही देवाणघेवाण मोजक्या पेशींतच चालते. त्या पेशी कृत्रिमरीत्या रोखल्या तर माशीला आठवत नाही आणि उद्दीपित केल्या तर शिकवलेल्या वासाविनाही तिचे वर्तन आठवण झाल्यासारखे होते.

मेंदूतील स्थान

माशीच्या मेंदूत दोन्ही बाजूंना मशरूम बॉडी नावाचा छत्रीसारखा भाग असतो. कीटकांतील या भागाचे वर्णन फेलिक्स दुजार्दां यांनी १८५० मध्येच केले होते. फळमाशीत त्याच्या प्रत्येक बाजूस केन्यन पेशी या सुमारे २,००० चेतापेशी असतात. कोणताही एक वास त्यांतील थोड्याच पेशींना जागे करतो. धक्का किंवा साखर यांची वार्ता डोपामाइन स्रवणाऱ्या चेतापेशी आणतात. या दोहोंची गाठ पडते ती जागा स्मृतीचे स्थान मानली जाते. डेव्हिस यांच्या गटाने २००६ मध्ये अंतराने शिकवलेल्या माशांच्या केन्यन पेशींत, त्यांच्या अल्फा शाखेत, वासाला मिळणारा प्रतिसाद अनेक तासांनी वाढत असल्याचे नोंदवले. याच पेशींत क्रेबचा रोधक घातला असता ही वाढ झाली नाही.

या चित्राला २०१२ मध्ये तैवानमधील आन-शिन च्यांग यांच्या गटाने आव्हान दिले. प्रशिक्षणानंतर नवी प्रथिने मशरूम बॉडीत नव्हे, तर तिच्याबाहेरील डीएएल नावाच्या दोन चेतापेशींत तयार व्हावी लागतात, असे त्यांनी मांडले. मेंदूच्या प्रत्येक बाजूस अशी एकच पेशी असते. लाखाहून अधिक चेतापेशींपैकी केवळ दोन पेशींतील प्रथिननिर्मिती रोखून दीर्घकालीन स्मृती बिघडवता आली, हा निष्कर्ष थक्क करणारा होता. त्यानंतर टोकियोतील गटाच्या प्रयोगांत मशरूम बॉडीतील क्रेबची गरज पुन्हा दिसून आली. साखरेच्या मोबदल्याने शिकलेल्या स्मृतीविषयीच्या २०१८ मधील एका अभ्यासात क्रेब-बीची गरज केन्यन पेशींबरोबरच मशरूम बॉडीतून बाहेर जाणाऱ्या काही चेतापेशींतही आढळली. स्मृतीचे केंद्रक एकाच पेशीसमूहात शोधण्याऐवजी मंडलातील अनेक ठिकाणी शोधावे, या मताकडे त्यामुळे कल वाढला आहे.

भूक आणि स्मृतीचा खर्च

भुकेल्या माशीला वासाबरोबर साखर दिली तर दोन मिनिटांचा एकच धडा दीर्घकालीन स्मृतीसाठी पुरतो. मायकेल क्रॅशेस आणि स्कॉट वॉडेल यांनी २००८ मध्ये वर्णन केलेल्या या स्मृतीलाही नवी प्रथिने आणि क्रेब लागतात. म्हणजे दहा धड्यांची अट स्मृतीच्या यंत्रणेची नसून परिस्थितीची आहे. अन्न कोठे मिळाले, हे भुकेल्या प्राण्याने एकदाच अनुभवून लक्षात ठेवणे हिताचे असते.

धक्क्याच्या आठवणीवरही भुकेचा प्रभाव पडतो. युकिनोरी हिरानो, साइतोए आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की काही तासांच्या उपवासानंतर माशा धक्क्याचा संबंधही एकाच धड्यात दीर्घकाळासाठी शिकतात. उपवासाने इन्सुलिनचा संकेत मंदावतो. त्यामुळे सीआरटीसी या सहायक प्रथिनावरील फॉस्फेट गट निघतात, ते केंद्रकात शिरते आणि तेथे क्रेबला साथ देते. उपवास फार लांबला तर मात्र हा लाभ नाहीसा होतो. पिएर-इव्ह प्लासे आणि प्रेआ यांनी त्याच वर्षी याची दुसरी बाजू मांडली. उपाशी माशीचा मेंदू नव्या प्रथिनांवर अवलंबून असलेली ही स्मृती बंद ठेवतो. उपासमारीत ती स्मृती कृत्रिमरीत्या घडवायला लावली तर माशा लवकर मरतात. फ्रेडरिक मेरी आणि ताडेउश कावेत्स्की यांनी २००५ मध्येच अन्नपाण्याविना ठेवलेल्या माशांत दीर्घकालीन स्मृतीची अशीच किंमत मोजून दाखवली होती. स्मृतीसाठी जनुके कार्यान्वित करणे हे खर्चिक काम आहे. ते केव्हा करावे, याचा निर्णय शरीराच्या अवस्थेशी बांधलेला असतो.

घडणे आणि टिकणे

घडलेली स्मृती दिवसेंदिवस टिकवण्यासाठीही जनुकनियमन चालू राहावे लागते. २०१६ मधील हिरानो आणि साइतोए यांच्या अभ्यासानुसार स्मृती घडताना क्रेबला सीबीपीची साथ लागते, तर त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सीआरटीसीची. पुढे क्रेबची गरजच उरत नाही आणि बीएक्स हे वेगळे प्रथिन ते काम हाती घेते. बीएक्सची निर्मिती सुरू करण्याचे काम मात्र क्रेब आणि सीआरटीसी यांनीच केलेले असते. क्रेब आणि सीआरटीसी कार्यरत असतात तोपर्यंत धक्क्याविना वास वारंवार देऊन ती आठवण पुसता येते. त्यानंतर ती पुसता येत नाही. क्रेब आणि सीआरटीसीचे कार्य लांबवले तर आठवण पुसता येण्याचा काळही लांबतो. नकोशा आठवणींवरील उपचारांच्या दृष्टीने हे निरीक्षण विचारार्ह आहे, मात्र ते माशीपुरते आहे.

इतर नियामक प्रथिने

क्रेबव्यतिरिक्त अनेक नियामकांचा दीर्घकालीन स्मृतीशी संबंध दिसून आला आहे. एडीएफ१ या प्रथिनाच्या जनुकातील नॅल्योट उत्परिवर्तनात चेतासंधींची वाढ व दीर्घकालीन स्मृती दोन्ही बिघडतात. भ्रूणाच्या वाढीतील भूमिकेसाठी प्रसिद्ध असलेले नॉच आणि त्याचा केंद्रकातील जोडीदार प्रौढ माशीच्या स्मृतीसाठीही लागतात. दिवस-रात्रीचे जैविक घड्याळ चालवणारे पिरियड हे प्रथिन नराच्या प्रणयाराधनाच्या दीर्घकालीन स्मृतीला आवश्यक असल्याचे २००४ मध्ये आढळले. प्रणयाराधनाच्या पद्धतीचे सहशोधक हॉल यांना पुढे २०१७ मध्ये याच जैविक घड्याळावरील कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. कात टाकण्यास कारणीभूत ठरणारे एक्डायसोन हे संप्रेरकही आपल्या ग्राहक प्रथिनामार्फत याच स्मृतीत भाग घेते. टली यांच्या गटाने २००३ मध्ये शोधलेल्या स्मृतिदोषी माशांच्या अनेक प्रकारांना इव्हान पाव्हलोव्ह यांच्या कुत्र्यांची नावे देण्यात आली.

डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यात रासायनिक बदल करणारे विकरही येथे महत्त्वाचे ठरतात. ईएचएमटी हा विकर नसलेल्या माशांत शिकणे व स्मृती बिघडते आणि प्रौढपणी तो परत दिल्यास प्रणयाराधनाची स्मृती सुधारते. माणसातील समकक्ष जनुकाच्या दोषाने क्लीफस्ट्रा संलक्षण होते. सीबीपीच्या दोषाने होणाऱ्या रुबिनस्टाइन-टेबी संलक्षणातही बौद्धिक अक्षमता आढळते.

केंद्रकातून बाहेर पडलेल्या संदेशवाहक आरएनएपासून प्रथिन केव्हा व कोठे घडावे, याचेही नियमन होते. ऑर्ब२ हे प्रथिन चेतासंधीपाशी हे काम करते. त्याचे रेणू एकमेकांना चिकटून स्थिर तंतू बनवतात. असे तंतू एरवी मेंदूच्या ऱ्हासाशी जोडले जातात, येथे मात्र ते स्मृती टिकण्यास आवश्यक असतात. कौशिक सी यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने हा संबंध २०१२ मध्ये दाखवला आणि २०२० मध्ये माशांच्या मेंदूतून मिळवलेल्या या तंतूंची रचना प्रसिद्ध केली. २०१२ मधील निबंधाचे प्रथम लेखक अमिताभ मजुमदार यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात ऑर्ब२वरील संशोधन चालू ठेवले.